बिनधक्क्याची गाडी

उत्तमराव सोनोने यांचे पाय मी त्यांच्या तोंडाच्या आधी पाहिले. आंगणात कडुनिंबाखाली तट्ट्यांचा मांडव होता, मांडवात एक काळी मोटार विटांवर उभी होती आणि तिच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आले होते. मी हातात ट्रंक घेऊन उभी. "सोनोने इथंच राहतात का?" असं विचारलं, तर पायांकडून उत्तर आलं, "हाव. तो पाना द्या इकडं. तुमच्या पायाजोळचा." मी पाना दिला. "हा नाई, त्याच्याहून मोठा." मोठा दिला. त्यानंतर बराच वेळ माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी काशीकाकू, म्हणजे त्यांची बायको, घरातून बाहेर आल्या आणि गाडीच्या बाजूला पाहून ओरडल्या, "अवो, निघा ना भाईर! शाळेतल्या बाई आल्या, आन तुमी त्याईले कामाले लावून राह्यले!"

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, सगळा कारभार अकोल्याहून चाले. आसेगावच्या पुढे, मंगरूळपीरच्या बाजूला असलेल्या एका गावात शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली होती. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या विद्यार्थिनी आता तिथल्या आज्या झाल्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्या पाटलांच्या घरातल्या आहेत. मी खोली शोधायला निघाले तेव्हा प्रत्येक घरी खोली असायची. मग माझं आडनाव विचारलं जायचं, आणि आडनाव सांगितलं की खोली एकाएकी गळकी व्हायची. भर उन्हाळ्यात! दोन दिवसांत मी इतक्या गळक्या खोल्या पाहिल्या की त्या गावाला पावसाळ्यात कसं राहता येतं याचीच काळजी वाटायला लागली. शेवटी हेडमास्तर खाली मान घालून म्हणाले, "बाई, तुम्ही सोनोन्यांकडे विचारा." म्हणजे गावाबाहेर, नाल्याच्या अलीकडे, आमच्याच लोकांच्या वस्तीत. छप्पन साली वस्तीनं दीक्षा घेतली, पोरं शाळेत जायला लागली, दोघं-तिघं पगारी नोकरीला लागले. गावातल्या खोल्या मात्र होत्या तशाच गळत राहिल्या.

सोनोन्यांची खोली गळत नव्हती. त्या खोलीत मी चार वर्षं राहिले आणि खिडकीतून मला रोज जे दिसे ते म्हणजे ती गाडी आणि तिच्या भोवती फिरणारा तो माणूस.

उंच, सडपातळ, मिशा कातरलेल्या. आधी फौजेत ट्रक चालवला, मग एसटीच्या वर्कशॉपात लागले. रोज सायकलनं जात-येत. मी त्यांना उत्तमभाऊ म्हणे. वस्तीत सगळे दादा म्हणत. गावात, वय पन्नाशीकडे झुकलेलं असलं तरी, ते 'उत्तम्या' होते. त्या हाकेला ते ओ देत नसत. बहिरे झाल्यासारखे पुढे चालत राहत. हाक मारणाऱ्याला काम असलं तर त्याला मागून धावत यावं लागे आणि मग 'सोनोने' म्हणावं लागे. म्हटलं की लगेच वळून, "बोला भाऊ!"

गाडी कारंज्याच्या एका जिनिंगवाल्या शेठजींची. विलायती, दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीची. शेठजी गेले, मुलांनी नवी मोटार घेतली आणि ही सरकीच्या कोठीत पडून राहिली. तिच्या नाकावरचं कंपनीचं चिन्ह कुणीतरी आधीच काढून नेलं होतं, त्यामुळे ती नेमकी कोणत्या कंपनीची यावर वस्तीत दोन पक्ष होते आणि दोन्ही पक्षांनी दुसरी कोणतीही मोटार जवळून पाहिलेली नव्हती. शेठजींच्या मुलांनी ती भंगारात काढायचं ठरवलं तेव्हा उत्तमभाऊंनी ती मागून घेतली आणि दोन बैलजोड्या जुंपून कारंज्याहून गावापर्यंत ओढत आणली. त्या प्रवासाच्या गोष्टी वस्तीत पुराणासारख्या सांगितल्या जात. इंझोरीजवळ एका म्हातारीनं म्हणे गाडीला हळदीकुंकू वाहिलं. तिला वाटलं कुठल्यातरी देवाचा रथ चालला आहे. उत्तमभाऊ म्हणाले, "आजी, हे मोटार हाय." तर म्हातारी म्हणाली, "असू दे बाप्पा, चाकं तर हायेत ना."

हूड उंदरांनी खाल्लेलं, सीटमधल्या काथ्यात मांजरं व्यालेली, दाराच्या आतलं लाकूड वाळवीनं पोखरलेलं. सारं घरीच दुरुस्त झालं. बैलगाडीला लागतं ते बाभळीचं लाकूड तासून दारांच्या आत बसवलं. हुडाला कारंज्याच्या बाजारात कापसाच्या गाड्यांवर घालतात ती ताडपत्री आली, तिला काशीकाकूंनी दाभणानं शिवलं. शिवताना त्या इतकं बोलल्या की प्रत्येक टाक्याला एक शिवी आहे असं उत्तमभाऊ सांगत. अकोल्याच्या भंगारातून पिस्टनच्या रिंगा आल्या. त्या मोठ्या निघाल्या, मग कानशीनं घासून बेताच्या केल्या. संध्याकाळी ओट्यावर बसून ते व्हॉल्व घासत. दोन तळहातांत दांडी धरून, ताक घुसळावं तशी फिरवत. समोर कंदिलापाशी त्यांची मुलगी कांता इतिहास पाठ करी. ती एखादं साल चुकली की हे दांडी थांबवून म्हणत, "मांगं जा. पुन्हा म्हण." त्यांना साल माहीत असायचं असं नाही. पण ती अडखळली की त्यांना कळे, इंजिनचं कळे तसंच.

टायर काही केल्या मिळेनात, म्हणून दोन पावसाळे ती विटांवरच उभी होती. गावातली माणसं मुद्दाम नाल्याकडून जात आणि विचारत, "काहून रे, चालते का नाई तुही मोटार?" उत्तमभाऊ म्हणत, "ते चालाच्या आंधी तुमाले पाहून राह्यली. कोण कोण हासते ते."

मग टायर मिळाले आणि ती एकदाची चालली. आणि तेव्हा मला त्यांच्या कपड्यांचा कायदा समजला. वर्कशॉपात खाकी. गाडीखाली शिरताना जुनी फाटकी खाकी. पण गाडी चालवायची तर पांढरा शर्ट, पांढरा पायजमा आणि वर फौजेतून आल्यावर शिवलेला काळा कोट. वैशाख असला तरी कोट. एकदा मी विचारलं, "भाऊ, उकडत नाही का?"

"उकडते ना."

"मग?"

"खाकी घालून बसलो का लोकायले वाटते, डायवर हाय. मालक मांगून येऊन राह्यला. अन् ते मालकाची वाट पाहत बसतात बिचारे."

ही नुसती थट्टा नव्हती. शाळेत एकदा तपासणीला साहेब आले होते, त्यांची एसटी चुकली. हेडमास्तरांनी उत्तमभाऊंना गळ घातली, त्यांनी गाडी आणली. साहेबांनी सवयीनं मागचं दार उघडलं, मागे बसले आणि फाईल उघडली. उत्तमभाऊंनी इंजिन बंद केलं. खाली उतरले, मागचं दुसरं दार उघडलं आणि साहेबांच्या शेजारी जाऊन बसले. कोट नीट केला. समोर पाहत राहिले.

थोड्या वेळानं साहेब म्हणाले, "अहो, निघायचं ना?"

"निघू ना साहेब."

"मग गाडी कोण चालवणार?"

"तेच पाहून राह्यलो. दोघंबी मालक मांगं बसलो."

आम्ही सगळ्या शिक्षिका खिडकीशी. हेडमास्तरांच्या कपाळावर घाम. साहेब मात्र मनाने बरे असावेत. ते आधी लाल झाले, मग हसले आणि उतरून पुढच्या सीटवर जाऊन बसले. वाटेत दोघांच्या काय गप्पा झाल्या कोण जाणे, पण शाळेचा शेरा चांगला आला आणि हेडमास्तरांनी त्याचं श्रेय स्वतःला घेतलं. तेव्हापासून नियम पक्का झाला. सोनोन्यांच्या गाडीत जो कोणी बसेल तो त्यांच्या शेजारी बसेल. मागची सीट बाया, पोरं आणि ट्रंकांची.

दुसरा नियम याहून कडक होता. गाडीला धक्का मारायचा नाही. हँडल मारून चालू झाली तर ठीक, नाहीतर खोलून बसायचं. पण वस्तीतल्या एकाही माणसानं तिला मागून हात लावायचा नाही. मला हा हट्ट वाटे. एका सकाळी ते हँडल मारमारून घामाघूम झाले होते, दंडावरची शीर टरारली होती आणि चार तरणी पोरं नुसती बघत उभी होती. मी म्हटलं, "अहो, पोरं उभी आहेत, लावू द्या की हात." ते हँडल टाकून ओट्यावर बसले आणि मग त्यांनी मला ते सांगितलं.

"बाई, हे गाडी शेठजी कापूस पाह्याले आणत. नाल्यात फसे. मंग वस्तीत आवाज पडे, या रे, ढकला. माह्या बापानं या गाडीले खांदा लावला. चाक फिरलं, सारा गारा, सारा चिखल तोंडावर. गाडी निंघाली, थांबली बी नाई. हे मी पाह्यलं नाई, बापानंच सांगतलं. कसं सांगे माहीत हाय? खुशीनं. शेठजीची मोटार म्या काढली, म्हणे. मरेपर्यंत सांगे. पावन्यारावळ्यायले सांगे." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "गाऱ्याचं मले काई नाई वाटत. त्या खुशीचं वाटते. गाडीवर राग नाई माहा, गाडीनं काय केलं? पण आपल्या लोकायनं लय गाड्या ढकलल्या. हे नाई ढकलाची."



वस्तीतून सडकेला जायला दोन वाटा होत्या. एक नाल्यातून, खड्ड्यांची, वळसा घालून जाणारी. दुसरी गावातल्या मोठ्या गल्लीतून, पाटलांच्या ओट्यासमोरून, सरळ. कायदा काहीही म्हणो, वस्तीतली लग्नं, मयती, मिरवणुका सारं नाल्यातून जाई. एकटंदुकटं माणूस गल्लीतून गेलं तर कुणी अडवत नसे, पण वाजतगाजत, वाहनात बसून कुणी गेलेलं नव्हतं. उत्तमभाऊंची गाडीही नाल्यातूनच जाई. तिच्या स्प्रिंगांचे पाटे दर महिन्याला ढिले होत आणि ते दर महिन्याला घट्ट करत.

एका लग्नसराईत पाटील स्वतः वस्तीपर्यंत आले. आत आले नाहीत, कडुनिंबाच्या सावलीच्या कडेला उभे राहिले. पुतण्याची वरात होती.

"उत्तम्या, मोटार पाह्यजे दोन दिस."

उत्तमभाऊ पुसत होते ती काच पुसत राहिले. पाटलांनी घसा खाकरला.

"सोनोने."

"बोला पाटील! या ना, बसा. गाडी देतो, तुमच्या घरचं कार्य म्हणजे आपलंच. भाड्याचं नाव काढू नका. फक्त नवरदेव माह्या बाजूले बसन, आन मी माह्या कोटात राहीन."

"तुले साफा देऊ, खाकीचा नवा जोड देऊ. नवरदेव मांगं बसन, रीत हाय ते. का तुह्या मांडीले मांडी लावून बसवतं त्याले?"

"मांडीले मांडी नाई लागत पाटील. मधात गिअरचा दांडा हाय."

मी खिडकीत होते. हसू आवरेना म्हणून पदर तोंडात कोंबला. पाटलांना हसू आलं नाही. जाताना ते एवढंच म्हणाले, "मंग ते मोटार नाल्यातच फिरव. गल्लीत आणू नको."

उत्तमभाऊंनी काच पुसून संपवली. संध्याकाळी मला म्हणाले, "बाई, कांताले मॅट्रिक होऊ द्या. ज्या दिशी ते शिकाले जाईन, त्या दिशी गल्लीतून जाईन. आपल्या गाडीत बसून." एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. त्यांच्या साऱ्या खटाटोपाला मग मला अर्थ दिसायला लागला आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटायला लागली.

कांता पास झाली. अकोल्याला नर्सिंगला नंबर लागला. पेरणीचे दिवस होते. सकाळी वस्ती गोळा झाली, विहारात वंदना झाली, काशीकाकूंनी पोरीला इतके लाडू दिले की ट्रंक बंद होईना. कांता पुढे, बापाच्या शेजारी. मागे काशीकाकू, मी आणि ट्रंक. गाडीमागून चालत सगळी वस्ती. बाराची एसटी सडकेवर गाठायची होती. उत्तमभाऊंनी भोंगा वाजवला आणि गाडी नाल्याकडे न नेता डावीकडे, गल्लीत घातली.

दारं उघडली, माणसं बाहेर आली.  पाटलांच्या ओट्यावर सात-आठ जण बसलेले. गाडी बरोबर ओट्यासमोर आली, दोन आचके दिले आणि बंद पडली.

ओट्यावर हशा पिकला. "ढकला रे!" कुणीतरी ओरडलं. आणि मला आजही दिसतं, मागून आमचीच माणसं धावली. कुणी सांगायची वाट न पाहता. खांदे पुढे, हात मागच्या पत्र्याकडे. इतकी जुनी सवय.

"हात लावू नका!" उत्तमभाऊ असे ओरडले की ओट्याशेजारी बांधलेले बैल बिचकले. ते उतरले, हँडल मारलं, दोनदा, चारदा. मग बॉनेट उघडलं, जुन्या धोतराचा एक फडका रस्त्यावर अंथरला आणि काळ्या कोटासकट गल्लीच्या मधोमध बसून कार्बोरेटर खोलायला सुरुवात केली. एकेक स्क्रू फडक्यावर ओळीनं.

गल्ली बंद झाली. मागून पाटलांच्या तीन बैलगाड्या आल्या, तिफणी आणि बियाणं भरलेल्या. पाटील ओट्यावरून उतरले.

"काय झालं?"

"कचरा अडकला."

"बाजूले ढकल ते."

"हे ढकलाची नाई."

"आरं, तुहे इतके लोक उभे हायेत!"

"हायेत ना. ते पोरीले पोचवाले आले. ढकलाले नाई आले."

"माह्या गाड्या कशा जातीन? वापसा चालला, वल गेली तर पेरणी राह्यन!"

उत्तमभाऊंनी कार्बोरेटरमधला जेट, बारीक भोकाचा पितळी तुकडा, तोंडाशी धरून फुंकला, उजेडाकडे धरून पाहिला. "घाई तुमाले हाय पाटील. तुमच्या माणसायले सांगा हात लावाले. माही काई ना नाई."

पाटलांनी आपल्या गड्यांकडे पाहिलं. गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सोनोन्याच्या गाडीला धक्का मारायचा, साऱ्या गावासमोर? एकजणही पुढे सरेना. आणि पाटलांच्याही तोंडून तो हुकूम निघेना.

ऊन चढत होतं. मला डोळ्यांपुढे एसटी दिसत होती, निघून जाणारी. मला त्या क्षणी उत्तमभाऊंचा राग आला, का खोटं बोलू? पोरीचा दिवस, तिचं कॉलेज, आणि हा माणूस बापाचा गारा धूत बसलाय. कांता वाकून हळूच म्हणालीसुद्धा, "बाबा, लावू द्या ना हात. बस जाईन." त्यांनी वर पाहिलं.  हातातला एक स्क्रू सुटून मातीत पडला.   त्यांनी लेकीकडे नुसतं पाहिलं, आणि मला वाटतं, ती आणखी एकदा म्हणाली असती तर त्यांनी ऐकलं असतं.

तेवढ्यात मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. पाटलांच्या गड्यांनी गाड्या वळवल्या होत्या. पहिली वळली, मग दुसरी, तिसरी. आणि त्या तिन्ही गाड्या आमच्या नाल्याच्या वाटेला लागल्या, खड्ड्यांत आदळत, वळसा घालून.

वस्तीतलं कुणीही हसलं नाही. कांता गाडीतून उतरली, मातीतला स्क्रू शोधला, पदराला पुसला आणि फडक्यावर ठेवला. "बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, ओट्यापर्यंत ऐकू जाईल असं, "सावकास करा. बस दुसरी येईन."

मग त्यांनी खरंच सावकाश केलं. जेटमधून सरकीच्या कापसाचा एक तंतू निघाला. तो बोटावर धरून ते म्हणाले, "शेठजीचा कापूस अजून निंघून राह्यला!" तेव्हा मात्र सगळी वस्ती हसली. एका हँडलात गाडी लागली. बाराची एसटी गेली होती. आम्ही सडकेवर बाभळीखाली बसून लाडू खाल्ले आणि दुपारच्या एसटीनं कांता गेली. पुढे ती सिस्टर झाली, पण ती तिची गोष्ट आहे.

मोठ्या गल्लीतून जाताना गाडीला पुन्हा कुणी अडवलं नाही. कुणाचं मन बदललं असं मी म्हणणार नाही. पाटील मरेपर्यंत गाडी आली की ओट्यावरून उठून आत जात. पण त्या वर्षी वस्तीतली दोन लग्नं वाजतगाजत गल्लीतून गेली, आणि एका नवरदेवाला बूट नव्हते तर उत्तमभाऊंनी आपले दिले व स्वतः अनवाणी गाडी चालवली.

माझी बदली झाली तेव्हा तेच मला सोडायला आले. मी पुढे बसले. गाडी गल्लीत शिरली, ओट्यासमोर आली आणि उत्तमभाऊंनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. मी ओट्याकडे पाहिलं.

"काय झालं भाऊ?"

"काई नाई."

"मग बंद का केली?"

"चालू होते का ते पाहतो."

ते उतरले, कोट नीट केला, पुढे जाऊन एकदाच हँडल मारलं. गाडी लागली. ते परत येऊन बसले आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं भोंगा वाजवला. मी म्हटलं, "हे दर वेळी करता की काय?" तर म्हणाले, "दर वेळी नाई. ओट्यावर कोणी असलं म्हणजे."

एसटी आली. त्यांनी माझी ट्रंक टपावर चढवून दिली, कंडक्टरला दोन सूचना केल्या आणि मला म्हणाले, "बाई, तठी खोली गळकी निंघाली तर कळवा. येतो गाडी घेऊन." मी मान हलवली. एसटी सुटल्यावर मी मागच्या काचेतून पाहत राहिले. त्यांनी सडकेवर गाडी वळवली. नाल्याचा फाटा आधी लागतो, गल्लीचा नंतर. नाल्याच्या फाट्यावर ती क्षणभरही थांबली नाही, सरळ गावाकडे गेली, आणि लांबून भोंगा ऐकू आला.